रक्तदाब जुना की नवा

परदेशी जाताना आजारपणाचा विमा काढायला किती वेळ लागतो, असं आमच्या ट्रॅव्हल एजंटला विचारलं तर तो म्हणतो, चहा येईपर्यंत. आमचा चहा आला, गार झाला, दुसरा आला, एजंटच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं आणि मधल्या काळात आमच्या सोसायटीतल्या निम्म्या लोकांचे माझ्याविषयीचे जबाब घेऊन झाले, तरी विमा काही निघाला नव्हता. यात दोष माझा, असं घरातलं सर्वानुमते मत आहे. घरात आम्ही दोघंच असल्यामुळे सर्वानुमते म्हणजे कुणाच्या मते ते वेगळं सांगायला नको. मी फक्त एक प्रश्न विचारला होता. निदान सुरुवात तरी एकाच प्रश्नाने झाली होती.

जायचं होतं बायकोच्या ताईकडे. ताई कित्येक वर्षं तिकडे मुलापाशी असते. अलीकडे तिला विसर पडायला लागला होता. आधी चष्मा, मग गॅसवरचं दूध, मग सुनेचं नाव. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा आणि ताई विचारायची, "धाकटे, कधी येतेस?" एकाच कॉलमध्ये तीन-तीनदा विचारायची, आणि बायको तिन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं उत्तर द्यायची. मी या कॉलमध्ये दिसत नसे, कारण मी मधेमधे शंका काढतो म्हणून मला फोनच्या मागच्या बाजूला बसवलेलं असे. एका रविवारी ताईने पडद्याकडे बराच वेळ बघितलं आणि मुलाला विचारलं, "या बाई कोण रे?" मग तिला आठवलं, ती हसली, बायकोही हसली. फोन ठेवल्यावर मात्र बायको उभ्या उभ्याच म्हणाली, "मला जायचंय. ताई मला ओळखतेय तोवर जायचंय."

मी लगेच हो म्हटलं. आमच्या घरात पडद्याचा रंगसुद्धा इतक्या झटपट ठरलेला नाही. पुढची साखळी सोपी होती. विमा असल्याशिवाय ते लोक व्हिसा देत नाहीत, व्हिसाशिवाय विमान नाही आणि विमानाशिवाय ताई नाही. कपडे, भेटवस्तू, औषधं, भाच्याशी बोलणं हे सगळं बायकोने स्वतःकडे घेतलं. सगळ्यात सोपी कडी म्हणून विमा माझ्याकडे आला.

इथे माझ्या पेशाबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. मी सरकारी लिफ्ट निरीक्षक होतो. लोकांना वाटतं लिफ्ट निरीक्षक म्हणजे लिफ्टने वर जाऊन खाली येणारा माणूस. तसं नाही. लिफ्ट चालते की नाही हे तर कुणीही सांगेल. ती न चालण्याच्या किती तऱ्हा आहेत, हे निरीक्षकाने बघायचं असतं. समजा दोर तुटला. समजा दार उघडंच राहिलं. समजा वीज गेली आणि आत एकटी म्हातारी आहे. सरकारने मला आयुष्यभर पगार दिला तो 'समजा' या एका शब्दाचा. हा स्वभाव नोकरीने मला दिला की स्वभावाने नोकरी, हे सांगता येणार नाही, कारण आमच्या लग्नातच, हॉलमध्ये स्टेज उभारणाऱ्या माणसाला मी खाली वाकून विचारत होतो की फोटोसाठी दोन्हीकडचे सगळे नातेवाईक एकदम वर चढले तर कोणता खांब आधी जाईल. तेव्हा ताईने मला नाव ठेवलं, प्रश्नपत्रिका. पुढे सासरच्या घरात मी गेलो की ताई आतल्या खोलीत वर्दी द्यायची, "प्रश्नपत्रिका आली गं." लोकांना वाटतं जावयाला सासरी फार मान असतो.

तर एजंट म्हणाला, "काका, इथे सही करा. विमा होऊन जाईल."

मी विचारलं, यात काय काय येतं. तो म्हणाला, सगळं येतं. आता, ज्या इमारतीचा वॉचमन मला 'सगळं ठीक आहे साहेब' म्हणायचा, तिथे मी आधी लिफ्टच्या खालचा खड्डा बघायला जायचो, आणि तिथे हटकून काहीतरी सापडायचं. एकदा कोंबडी सापडली होती, जिवंत. त्यामुळे 'सगळं' हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. मी म्हटलं, ते सगळं कुठे लिहिलेलं आहे का? एजंटने टेबलाच्या सर्वात खालच्या ड्रॉवरमधून एक पुस्तिका काढली आणि फुंकर मारून माझ्या हातात दिली. ती आजवर कुणी मागितली नव्हती, हे त्या फुंकरीवरून कळत होतं.

पुस्तिका मी घरी आणली आणि खरं सांगतो, असं वाचनीय काही माझ्या हाती फार दिवसांत आलं नव्हतं. कंपनी काय देणार ते एका पानात संपत होतं. कंपनी काय देणार नाही ते मात्र पानामागून पानं चाललं होतं. युद्ध, दंगल आणि अणुस्फोट यांनी झालेली दुखापत बाद. शर्यतीत घोड्यावरून पडलात, बाद. हवेच्या फुग्यातून पडलात, बाद. दारू पिऊन कशावरूनही पडलात, बाद. कुठल्यातरी ऑफिसात बसून एका माणसाने शांत चित्ताने हा सगळा विचार केला होता. त्याने आधी घोडा आठवला असेल की फुगा? फुग्यातून पडून आधी कुणीतरी पैसे मागितले असतील, तेव्हाच तर तो लिहिला गेला असेल ना? हा माणूस आपल्या जातकुळीचा, याच्याबरोबर एकदा निवांत बसायला हवं, असं मला वाटलं. बायकोला मी काही उतारे मोठ्याने वाचून दाखवले. ती बॅगेच्या चाकांना तेल घालत होती. तिने विचारलं, सही केलीत का?

सहीच्या वाटेवर एक वाक्य आडवं आलं. आधीपासून असलेल्या आजारातून उद्भवलेला त्रास कंपनी भरून देणार नव्हती. बायकोला रक्तदाब आहे. फार नाही, सकाळी एक बारीकशी गोळी, बस. मला नाही. मी तो दुसऱ्यांना देतो म्हणून मला होत नाही, हे तिचं निदान आहे. तर माझ्या मनात आलं, समजा ताईच्या इमारतीत लिफ्ट आहे. समजा ती मधेच अडकली आणि आत बायको आहे. ती घाबरली. रक्तदाब चढला. दवाखान्यात न्यावं लागलं. आता हा जो चढलेला रक्तदाब आहे, तो जुना की नवा? रक्तदाब जुना आहे हे खरं. पण लिफ्ट तर नवी आहे. अडकली नसती तर तो चढला नसता. मग पैसे अपघाताखाली मिळणार की आजाराखाली, की एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं आणि माणसाने दवाखान्याचं बिल हातात धरून मधे उभं राहायचं?

मला अजूनही वाटतं की प्रश्न वाजवी होता.

एजंटला विचारलं तर तो म्हणाला, काका, असा विचार कुणी करतं का. हे उत्तर नव्हे. म्हणून मी सोसायटीतल्या जाणकारांकडे गेलो, आणि ही मात्र चूक झाली. तळमजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर राहतात. त्यांनी दार लावून घेतलं, आवाज खाली आणला आणि सांगितलं की अर्जात रक्तदाब लिहूच नका, कंपनीला माणसाने आपलं नाव सांगावं आणि तेही विचारलं तरच. माझ्या वरच्या मजल्यावर गणित शिकवणाऱ्या बाई राहतात. त्या म्हणाल्या, सगळं लिहा, लहानपणच्या गोवरापासून लिहा, शिवाय रक्तदाब ही एक संख्या आहे आणि संख्या जुनी किंवा नवी नसते, ती असते. मी हे मत तळमजल्यावर कळवलं. तळमजल्याने वर निरोप पाठवला की चक्रवाढ व्याज लावून बघा म्हणजे संख्या कशी जुनी होते ते कळेल. दुसऱ्या दिवशी दोघं जिन्यात समोरासमोर आले आणि माझा प्रश्न बाजूलाच राहिला. त्यांचं बोलणं त्यानंतर बंद आहे.

समोरच्या दारातले शेजारी एकदा परदेशी जाऊन आले आहेत आणि तेव्हापासून त्यांना जगप्रवासी म्हणतात. तिकडे त्यांची दाढ दुखली होती. दाढ विम्यात बसते, पण कळ अचानक आणि तीव्र उठली असेल तरच. त्यांनी डॉक्टरला प्रामाणिकपणे सांगितलं की थोडी थोडी आधीपासूनच दुखत होती, आणि विषय तिथे संपला. "तिकडे काहीही झालं तरी आत्ताच झालं म्हणायचं," एवढं ते मला बजावून सांगत राहिले. मी त्यांना त्या देशाबद्दल आणखी दोन-चार गोष्टी विचारल्या. त्यातली एक, तिकडच्या बाल्कन्यांचे कठडे किती उंच असतात, अशी होती. ती पुढे मला नडली.

शेवटी मी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. बरीच बासरी ऐकल्यावर एक मुलगी आली. आवाज गोड, बोलणं नम्र. मी तिला लिफ्टचा प्रसंग सांगितला. तिने मला थांबायला सांगितलं, पुन्हा बासरी लागली, मग ती म्हणाली, सर, तुमची शंका वरिष्ठांकडे पाठवली आहे. मला बरं वाटलं. वरिष्ठांकडे गेलेला माझा तो पहिलाच प्रश्न होता, नोकरीत ते सगळे माझ्याकडेच परत यायचे. आता माणूस भेटलंच आहे तर म्हणून मी विचारलं की विमानात, समुद्रावर असताना काही झालं तर तो परदेश धरायचा की स्वदेश. तेही वरिष्ठांकडे गेलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन केला, तिसऱ्या दिवशीही केला. ती मुलगी मला आवाजावरून ओळखायला लागली होती आणि मी तिला. 'नमस्कार सर, बोला' म्हणण्याआधी ती एक श्वास घ्यायची.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं की विमाधारक परदेशात दगावल्यास मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च कंपनी करेल. इतक्या पानांनंतर कंपनी काहीतरी करणार होती, याचं मला अप्रूप वाटलं. मी विचारलं, समजा माझी बायको तिकडे गेली, गेली म्हणजे वारली, तर तिला त्याच विमानातून आणतात का, ज्यात मी असेन? मला माझं तिकीट बदलून मिळतं का? तिच्या परतीच्या तिकिटाचे पैसे येतात का, आणि आले तर नवऱ्याला येतात का? हे सगळे एकातून एक निघालेले प्रश्न होते. यावर ती मुलगी अतिशय हळू आवाजात म्हणाली, "सर, तुमच्या मिसेस आत्ता घरी आहेत का? त्यांच्याशी बोलता येईल?"

बायको आत इस्त्री करत होती. तिने फोन घेतला. मला फक्त इकडचं बोलणं ऐकू येत होतं. हो, मी बोलतेय. हो, बरी आहे. नाही, एकटी नाही, ते समोरच उभे आहेत. नाही हो, ते असेच आहेत. लग्नापासून.

त्यानंतर आमचा अर्ज विशेष छाननीत गेला.

विशेष छाननी म्हणजे काय, हे मी विचारणार होतो, पण बायकोने फोन लपवला होता. ते आम्हाला आपोआपच कळलं. एक दिवस कंपनीचा चौकशी अधिकारी सोसायटीत आला आणि आमच्या घरी येण्याआधी बाकी सगळ्यांकडे जाऊन आला. तळमजल्याने सांगितलं की माणूस सज्जन आहे, पण माहिती फार गोळा करतो. जगप्रवाशांनी कठड्यांचं सांगितलं. गणिताच्या बाईंनी एक जुनी गोष्ट उकरून काढली, की सोसायटीची लिफ्ट नवी बसली तेव्हा पहिल्या चाचणीला यांनी आत बायकोला उभं केलं होतं आणि स्वतः बाहेर राहिले होते. हे खरं आहे. मोटर गच्चीवरच्या खोलीत असते, तिथे ब्रेक लागतो की नाही हे बघायला जाणकार माणूस लागतो, आणि आत उभं राहायला नुसता माणूस पुरतो. हे मी तेव्हाही बायकोला समजावून सांगितलं होतं. पण त्या दिवशी जिन्यात सगळे माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, त्या नजरेला समजावणं कठीण होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे जीव वाचतील कसे याचा विचार केला, आणि आता स्वतःच्याच जिन्यात माझ्यावर बायकोला परदेशी नेऊन कठड्यावरून ढकलायचा संशय घेतला जात होता.

अधिकारी घरी आला, बसला. चहा दिला तर आधी मी पितो का, हे त्याने पाहिलं. मग बायकोला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही ताण आहे का? बायको म्हणाली, आहे, व्हिसाच्या तारखेचा. तिने त्याला ताईबद्दल सगळं सांगितलं. तो नीट ऐकून घेत होता, माणूस काही वाईट नव्हता. नंतर तो माझ्याकडे वळला, पण त्याने काही विचारायच्या आत मीच त्याला विचारलं की खोटं बोलणारा माणूस कशावरून ओळखता. तो खुलला. म्हणाला, खोटं बोलणारा कधीच प्रश्न विचारत नाही. मग फार प्रश्न विचारणारा कसा असतो, ते मी विचारलं. त्यावर तो म्हणाला, तसा मला अजून कुणी भेटला नव्हता. आमचं बोलणं इतकं रंगलं की तो निघाला तेव्हा दिवे लागले होते. मला वाटलं, सुटलो. एजंटकडे अहवाल आला, तो असा होता: अधिक चौकशी आवश्यक.

व्हिसाची मुलाखत तोंडावर आली होती. त्या रविवारी ताईचा कॉल आला. भाच्याने फोन तिच्यासमोर धरला. बायको म्हणाली, "ताई, मी येतेय हं, लवकरच." ताईने तिच्याकडे बघितलं, छान हसली आणि म्हणाली, "तुम्ही पोस्टातल्या ना?" या वेळी तिला नंतरही आठवलं नाही. बायकोने हो म्हटलं. पोस्टात सगळं ठीक आहे म्हणाली, पत्रं वेळेवर जातात म्हणाली, आणि फोन ठेवला.

मला वाटलं आता ती माझ्यावर ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "तुम्हाला माझी काळजी आहे, ते मला कळतं. पण तिकडे जाऊन मला काही झालं तरी चालेल. इथे बसून ताई मला विसरली, ते नाही चालणार."

मला फार वाईट वाटलं. पुस्तिकेत मी घोडा बघितला, फुगा बघितला, लिफ्टचं तर विचारूच नका, पण खरी जोखीम माझ्या समोर, त्या फोनच्या पडद्यात होती आणि तिचा विचार मी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही थेट विमा कंपनीच्या ऑफिसात गेलो. जाण्याआधी बायकोने एकच अट घातली होती. मी एक अक्षर बोलायचं नाही. मी म्हटलं, अगदीच काही लागलं तर? ती म्हणाली, "सही करायला तोंड लागत नाही." ऑफिस वरच्या मजल्यावर होतं. तिथल्या लिफ्टचं दार जरा जास्तच चटकन मिटत होतं, म्हाताऱ्या माणसाचा हात चेपेल असं. मी दातांखाली जीभ धरली. तपासणीच्या तारखेची पाटीही लावलेली नव्हती. मी छताकडे बघितलं.

आत बायकोने आमचं नाव सांगितलं आणि काहीतरी विचित्र घडलं. पलीकडच्या टेबलावरची बाई उठून उभी राहिली. मग तिच्या मागचे दोघं उठले. कुणीतरी आतल्या खोलीत जाऊन सांगितलं, "आले." ब्रँच मॅनेजर स्वतः बाहेर आला, त्याने मला नीट न्याहाळलं आणि खुर्ची दिली. मला वाटलं पोलिसांना बोलावलं आहे. तसं नव्हतं. माझा लिफ्टवाला प्रश्न हेल्पलाइनवरून वरिष्ठांकडे, तिथून त्यांच्या वरिष्ठांकडे आणि तिथून सगळ्या शाखांत फिरला होता. मॅनेजरने सांगितलं की या ऑफिसात त्यावरून दोन तट पडले आहेत. खिडकीकडची टेबलं म्हणतात रक्तदाब जुना, दाराकडची म्हणतात नवा, आणि डबा खातानासुद्धा हे लोक आता वेगवेगळे बसतात. इतकी वर्षं आम्ही ही पुस्तिका विकतोय, तो म्हणाला, पण असं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. चौकशी अधिकाऱ्याने तर माझी शिफारस केली होती. हा माणूस गुन्हेगार असूच शकत नाही, याला विचारातून फुरसतच नाही, असं त्याने नंतर कळवलं होतं.

"आणि आज सकाळी मुख्य कार्यालयाचं उत्तर आलंय," मॅनेजर म्हणाला. त्याने कॉम्प्युटरचा पडदा स्वतःकडे वळवला, चष्मा लावला. खिडकीकडची टेबलं आणि दाराकडची टेबलं पुढे सरकली. "हं. विचारा."

त्या क्षणी माझी काय अवस्था झाली असेल ते ज्याचं त्याने ओळखावं. उत्तर समोर होतं, हातभर अंतरावर. पडद्याचा उजेड मॅनेजरच्या चष्म्यात पडला होता आणि त्या उजेडात ओळी दिसत होत्या, फक्त उलट्या. बायकोने आपला हात माझ्या मनगटावर ठेवला. हात गार होता.

"आम्हाला काही विचारायचं नाही," ती म्हणाली. "फक्त पॉलिसी द्या."

मॅनेजर माझ्याकडे बघत राहिला. "एकही नाही?" त्याने विचारलं. मी मान हलवली. आयुष्यात मी पुष्कळ लिफ्ट बंद पाडल्या आहेत, पण एवढ्या माणसांचा हिरमोड एकदम झालेला मी कधी पाहिला नव्हता. रक्तदाब आहे असं अर्जात खरं ते लिहिलं, सह्या झाल्या, शिक्का पडला, पॉलिसी हातात आली. या सगळ्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात चहा आला. एजंटचं बरोबर होतं.

आम्ही लिफ्टपाशी आलो तोवर दाराकडच्या टेबलावरचा एक तरुण मागून धावत आला. त्याला राहवलं नव्हतं. "सर," तो म्हणाला, "ऐकून तरी जा, उत्तर असं आहे की—" बायकोने बटण दाबलं. ते दार फार चटकन मिटतं हे मी येताना पाहिलं होतं. जाताना तिने त्याचा उपयोग करून घेतला.

व्हिसा मिळाला, विमान मिळालं. समुद्रावरून जाताना मी खाली बघितलं. हा आता परदेश की स्वदेश, हे हवाई सुंदरीला विचारावंसं वाटलं, पण ती दुसऱ्याच कुणाला पाणी देत होती आणि बायको माझ्या खांद्यावर डोकं ठेवून जागी होती.

भाचा न्यायला आला होता. ताईची इमारत उंच होती. लिफ्टमध्ये शिरल्यावर मी सवयीने एक पाय आपटून बघितला, छताकडे कान दिला. भाचा म्हणाला, काका, तुम्ही अजून तसेच आहात. बायको आरशात बघून केस सारखे करत होती. तिने ती साडी नेसली होती जी ताईने तिला कधीकाळी दिली होती, ओळख पटावी म्हणून. वर दार उघडलं तर समोरच्या घराच्या उंबऱ्यात ताई उभी होती. बारीक झालेली, केस पांढरे, पण उभी राहायची ऐट तीच.

बायको पुढे झाली. ताईने तिच्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं आणि अगदी अगत्याने म्हणाली, "या ना. कुणाकडे आलात?"

बायको तिथेच थांबली. मला माझ्या बायकोचा चेहरा बघवत नव्हता. एवढी सगळी साखळी ओढत इथवर आलो आणि शेवटची कडी हातातून सुटत होती. काहीतरी करायला हवं होतं आणि मला एकच गोष्ट येते. माझ्या मागे लिफ्ट उघडीच होती. मी म्हटलं, "ताई, समजा ही लिफ्ट मधेच अडकली, तर आतली घंटा खाली वाजते की वर?"

ताईने मान माझ्याकडे वळवली. कपाळाला आठ्या पडल्या. मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग ती घराच्या आत तोंड करून, आत कुणी नव्हतं तरी, मोठ्याने म्हणाली, "प्रश्नपत्रिका आली गं."

आणि लगेच परत वळून, रागावल्यासारखी, "मग धाकटी कुठाय? तिला कुठे ठेवलीत?"

"ही काय, ताई," बायको म्हणाली.

ताईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग तिला कळलं. आम्ही सगळेच रडलो. मीही रडलो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लिफ्टचं दार मधे दोनदा मिटायला आलं आणि दोन्ही वेळा माझा पाय लागून उघडलं. दार चांगलं होतं.

संध्याकाळी भाचा आईचा रक्तदाब मोजत होता, तर मावशीचाही बघू म्हणाला. पट्टा गुंडाळला, यंत्र घरघरलं. आकडा बघून तो जरा गंभीर झाला. मला बाल्कनीत घेऊन आला आणि हळूच विचारलं, "काका, बराच वाढलाय. हा तिचा जुनाच आहे, की आत्ता नव्याने काही?"

मी कठड्यावर हात ठेवला. कठडा चांगला उंच होता. आत दोघी बहिणी सोफ्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या.

"असू दे," मी म्हटलं. "उद्या पुन्हा मोजू."

आतून ताईने तिसऱ्यांदा विचारलं, "धाकटे, कधी आलीस?"

आणि बायको तिसऱ्यांदा म्हणाली, "आत्ताच, ताई. ही काय, आत्ताच आले."